जन्मतः एचआयव्ही असलेली आपली मुलं: घरच्यांनी आणि मुलांनी वारंवार विचारलेले प्रश्न

सांगली-मिरज भागात एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी रोजची औषधं, घेणाऱ्या मुलांचं समुपदेशन मी बरीच वर्षं केलं. या मुलांना वाढवणारे पुष्कळदा आईवडील नसतात. आजी असते, आत्या असते, कधी थोरली बहीण. आत यायच्या आधी बाकड्यावर बसून त्या जे एकमेकींना विचारतात, ते प्रश्न इथे घेतले आहेत. काही मुलांनी विचारलेले आहेत, आणि उत्तर द्यायला तेच जास्त अवघड गेले. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

माझ्या नातवाला जन्मापासून आहे. तो किती जगेल?

रोज गोळी घेत राहिला तर जवळजवळ त्याच्या वर्गातल्या इतर पोरांइतकंच. नुसता धीर द्यायचा म्हणून हे सांगत नाही. आपल्या देशात सरकारी दवाखान्यातून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली आणि लहान मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम २००६ च्या नोव्हेंबरअखेरीस. औषध नसेल तर जन्मतः लागण झालेल्या मुलांतली जवळजवळ निम्मी दुसरा वाढदिवस बघत नाहीत. आज्यांच्या मनात बसलेली भीती त्या काळातली आहे, कारण मुलगा आणि सून त्यांनी त्याच काळात गमावले. पण सुरुवातीच्या वर्षांत औषध मिळालेली लेकरं आज आयटीआय करतायत, टेम्पो चालवतायत, पार्लरचा कोर्स करतायत. काहींची लग्नं झाली आहेत.

बाळाला लागण झाली आहे की नाही, हे कधी कळतं?

आईच्या अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला तिच्या शरीरानं तयार केलेले घटक, बाळाच्या रक्तात बरेच महिने राहतात. त्यामुळे त्याच शोधणारी नेहमीची साधी तपासणी बाळाच्या बाबतीत फसवी ठरते. म्हणून सहाव्या आठवड्याला टाचेतून रक्ताचे थेंब खास कागदावर घेऊन विषाणूचीच तपासणी करतात, पुढे सहाव्या आणि बाराव्या महिन्यात पुन्हा, आणि शेवटचं शिक्कामोर्तब अठराव्या महिन्यात. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर औषध लगेच सुरू करतात, थांबायचं नसतं.

आणि ज्या बाई आत्ता गरोदर आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात १५ ते ४५ असतं. आईची एआरटी वेळेत आणि नीट चालू असेल तर ते ५ च्या खाली येतं, अनेकदा १-२ वर.

व्हायरल लोडचा आकडा बरा आला, म्हणजे सगळं ठीक ना?

"मॅडम, आकडा बरा हाय न्हवं?" कागद हातात आला की पहिला प्रश्न हाच. व्हायरल लोड म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचं माप, जितकं कमी तितकं बरं. आकडा बरा असणं ही मोठीच गोष्ट आहे. विषाणू दबलेला आहे, प्रतिकारशक्ती टिकून आहे, गोळी पोटात जाते आहे, एवढं सगळं तो एक आकडा सांगतो. पण पोरगं कसं आहे, ते त्यात नसतं.

मुलांच्या आयुष्याचा दर्जा मोजायची एक प्रश्नावली जगभर वापरतात, पेड्सक्यूएल नावाची. तिच्यात २३ प्रश्न असतात आणि त्यातले ८ शरीराबद्दल. उरलेले १५ मनाबद्दल, मित्रांबद्दल आणि शाळेबद्दल. झोप लागते का? उद्या काय होईल याची काळजी वाटते का? इतर मुलं खेळायला घेतात का? दवाखान्यासाठी शाळा बुडते का? एआरटीच्या खोलीत आपण पहिल्या आठांचीच चौकशी करतो, तीही अर्धी. ही प्रश्नावली मुलाकडून वेगळी भरून घेतात आणि घरच्यांकडून वेगळी, आणि दोन्हींची उत्तरं पुष्कळदा जुळत नाहीत.

मी हे एका मुलीकडून शिकले. नववीतली होती, आकडा उत्तम, वजन वाढलेलं. आजी कौतुकानं म्हणाली, "काय तरास न्हाई तिला, गुणाची हाय." मी आजीला जरा बाहेर बसायला सांगितलं. मुलगी म्हणाली, "घरी माझं ताट-वाटी वेगळी आहे. आजीची नाही, काकूची सोय आहे ती. पाहुणे आले की मीच आधी उठून माझं ताट घासून आत ठेवते, कुणाला दिसू नये म्हणून." पाच वर्षं ती हे करत होती आणि पाच वर्षं आम्ही तिच्या फाइलवर 'उत्तम' लिहीत होतो. एका ताटात जेवून एचआयव्ही होत नाही हे काकूलाही माहीत होतं. सांगून, समजावून, शेवटी काकूलाच दवाखान्यात बोलावून ते ताट बंद झालं. त्या मुलीच्या आयुष्यात त्या वर्षी झालेला सगळ्यात मोठा उपचार तोच होता, असं मी आजही मानते.

गोळी चुकली तर काय करायचं?

आठवेल तेव्हा लगेच द्यायची. पुढच्या गोळीची वेळ अगदी तोंडावर आली असेल तर थेट ती पुढचीच. दोन गोळ्या एकदम कधीच नाहीत. घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा एकदा द्यायची.

एखादी चुकली म्हणून घाबरून जाऊ नका आणि मुलाला मारू तर मुळीच नका. मार खाल्लेलं मूल पुढच्या वेळी गोळी चुकवतं आणि घेतली म्हणून सांगतं, ते जास्त घातक. एक शाळकरी मुलगा गोळी गालात धरून परसात जाऊन शेवग्याच्या बुंध्याशी थुंकायचा. पाऊस आला तेव्हा आजीला मातीत विरघळलेल्या पांढऱ्या गोळ्या दिसल्या. आजीनं त्याला काही म्हटलं नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून स्वतःची बीपीची गोळी त्याच्या शेजारी बसून घ्यायला लागली. "तू तुझी, मी माझी." पुढच्या तपासणीला त्याचा आकडा खाली आला.

गोळीबरोबर काय चालतं, काय नाही?

डोल्यूटेग्राविर असलेली गोळी हल्ली बहुतेक मुलांना असते. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर रिकाम्या पोटी घेतली तर तिचा असर कमी होतो. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी वाटतात, तेवढा दिवस लक्ष ठेवा. एआरटीची गोळी लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी, नाहीतर दोन्ही जेवणासोबत घेतल्या तरी चालतं. उपवास असेल तरी गोळी बंद ठेवायची नाही. देव गोळीनं बाटत नाही.

काढे, भुकटी, "महिन्यात निगेटिव्ह करून देतो" असं म्हणणारे वैदू यांच्यावर पैसे घालवू नका. त्या नादात एआरटी थांबवलेली मुलं मी मरणाच्या दारातून परत आलेली पाहिली आहेत, आणि काही परत आली नाहीत.

आहार वेगळा लागत नाही. भाकरी, डाळ, अंडं, शेंगदाण्याची चटणी, हंगामात मिळेल ते फळ. डब्यातली महागडी पावडर नसली तर काही बिघडत नाही.

वर्गात सगळ्यात बुटका तोच आहे. वयातही आला नाही अजून.

औषध उशिरा सुरू झालेल्या मुलांत हे दिसतं. उंची कमी राहते, दाढी-मिशी किंवा पाळी वर्ष-दोन वर्षं मागे पडते. बहुतेकांना वयात येणं उशिरा का होईना येतंच. फार मागे पडलं असेल तर डॉक्टरांना विचारा, थायरॉइड आणि रक्तही बघून घ्या. पण घरात "एवढंसंच राहिलं बघ" हे वाक्य बंद करा. ते मूल हे आरशात रोज बघतंच.

मुलाला त्याच्या आजाराबद्दल कधी सांगायचं? कसं सांगायचं?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न आला आणि सगळ्यात जास्त वेळा पुढे ढकलला गेला. "दहावी होऊ द्या." मग "बारावी होऊ द्या."

जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची शिफारस स्पष्ट आहे. शाळकरी वयात, म्हणजे सहा ते बारा या काळात, मुलाला त्याच्या समजेप्रमाणे हळूहळू सांगत पूर्ण माहिती द्यावी. एका बैठकीत सगळं उरकायचं नसतं. सहा-सात वर्षांच्या पोराला एवढं पुरतं: "तुझ्या रक्तात एक जंतू झोपलाय. गोळी दिली की तो झोपून राहतो." नऊ-दहाला जंतूचं काम आणि गोळीचं काम. मग एक दिवस त्याचं नाव. नाव सांगाल तेव्हा त्याच दिवशी, त्याच बसण्यात आणखी दोन गोष्टी सांगा: यात तुझी चूक नाही, आणि तुझ्या आईचीही नाही. दुसरी राहून जाते. मग मूल मेलेल्या आईवर राग धरून मोठं होतं.

खोटं सांगू नका. "दम्याची गोळी आहे" म्हणून वाढवलेल्या मुलाला खरं कळतं तेव्हा आजारापेक्षा फसवणूक जास्त लागते.

एका अकरा वर्षांच्या मुलाला सांगायचं म्हणून आम्ही तयारी केली. आजी पदर तोंडाला लावून बसलेली. मी जंतूचं चित्र काढायला घेतलं तसा तो म्हणाला, "माहितीय मला. बाटलीवरचं नाव दादाच्या मोबाइलवर टाकून बघितलं होतं. चौथीत असताना." दोन वर्षं तो एकटा हे घेऊन फिरत होता. बाहेर जाताना हळूच म्हणाला, "आजीला सांगू नका मला आधीच माहीत होतं म्हणून. तिला वाईट वाटेल."

तुम्ही सांगितलं नाही म्हणजे त्याला माहीत नाही, असं धरून चालू नका.

शाळेला सांगणं बंधनकारक आहे का? काढून टाकलं तर?

नाही, अजिबात बंधनकारक नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा आहे आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून प्रवेश नाकारणं, शाळेतून काढणं, वेगळं बसवणं किंवा प्रवेशासाठी तपासणी मागणं हे या कायद्यानं बेकायदेशीर ठरवलं आहे. संमतीशिवाय कुणाचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगणंही. तक्रारीसाठी राज्यात लोकपालाची तरतूद आहे.

एका शाळेत एका पालकानं कुजबुज केली आणि आठवड्यात मुलीच्या बाकावर शेजारी कुणी बसेना. शाळेनं काढलं नव्हतं, तिनं स्वतःच जाणं सोडलं. कायद्याचं कलम दाखवून ते बाक भरत नाही. तिथे एक बाई उपयोगी पडल्या, वर्गशिक्षिका. रोज मधल्या सुट्टीत स्वतःचा डबा घेऊन त्या त्या बाकावर येऊन बसायला लागल्या. पंधरा दिवसांत दोन मैत्रिणी परत आल्या. एखाद्या शिक्षकावर खरोखर विश्वास असेल तर त्या एकालाच सांगा. साऱ्या स्टाफला सांगायची गरज नाही.

कबड्डी, कुस्ती, कृष्णेत पोहणं?

खेळू द्या. घाम, थुंकी, पाणी, डास यांतून पसरत नाही. कुणालाही जखम झाली, रक्त आलं, तर थांबायचं, धुवायचं, पट्टी बांधून मग मैदानात. हा नियम प्रत्येक आखाड्यात प्रत्येक पोरासाठी असायला हवा.

लहानपणी नीट घ्यायचा. आता सोळाव्या वर्षी गोळी बंद केलीय.

हा टप्पा जवळपास प्रत्येक घरात येतो, फक्त लांबी कमी-जास्त. साखर किंवा फेफरं असलेली मुलंही या वयात औषध सोडतात. "मला काही होत नाही, मग कशाला?" हे एक कारण. दुसरं कारण मुलं उशिरा सांगतात: गोळी रोज एकदा आठवण करून देते की मी इतरांसारखा नाही.

रागावून उपयोग नाही. आधी खरं कारण काढा. वसतिगृहातल्या एका मुलीनं गोळ्या सोडल्या होत्या, कारण बाटली उघडली की गोळ्या खुळखुळायच्या आणि खोलीतल्या मुली विचारायच्या. बाटलीत कापसाचा बोळा कोंबला, प्रश्न मिटला. रात्री चक्कर येते म्हणून, पोट वाढलंय म्हणून सोडली असेल तर डॉक्टर वेळ किंवा गोळी बदलू शकतात. आणि त्याच वयाच्या, हे सगळं भोगून पुढे गेलेल्या एखाद्या ताई-दादाशी गाठ घालून द्या. मी तासभर बोलून जे होत नाही ते अशी एखादी ताई चहा पिता पिता करते. आमच्या भागात लोकांनी लोकांना आधार द्यायची वाट जुनी आहे. सांगलीत १९९२ पासून संग्राम संस्था काम करते आहे आणि वेश्याव्यवसायातल्या बायकांनी इथे एकमेकींना निरोध आणि माहिती पोचवली, तेव्हा बाकी गाव तोंड फिरवून होतं.

ती गप्प गप्प असते. वयाचं असेल का?

असेलही. पण दोन आठवड्यांच्या वर झोप बिघडली, जेवण कमी झालं, आवडीचं काही करावंसं वाटेना, "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही निघालं, तर वयावर ढकलू नका. या मुलांनी लहान वयात मरण पाहिलेलं असतं आणि त्याबद्दल त्यांच्याशी कुणी बोललेलं नसतं. आईचा फोटो घरात लावा, तिच्या आठवणी सांगा. मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७.

ऊसतोडीला जातो, पूर येतो. गोळ्यांचं काय?

निघायच्या आधी एआरटी केंद्रात सांगा. तब्येत स्थिर असेल तर जास्त महिन्यांच्या गोळ्या देतात, नाहीतर जाल तिकडच्या केंद्रात सोय करून देतात. न सांगता गेलात तर मधले महिने कोरडे जातात.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. अंगावरच्या कपड्यांनिशी बोटीत बसलेली माणसं होती, आणि गोळ्या माळ्यावर राहिल्या. तेव्हापासून मी प्रत्येक घराला सांगते: जून लागला की पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि एआरटीच्या पुस्तिकेची झेरॉक्स जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आधार कार्डाजवळ ठेवा. आणि मोबाइलमध्ये पुस्तिकेचा फोटो.

मला भरती व्हायचंय. होता येईल?

हा प्रश्न साताऱ्याकडची पोरं विचारतात आणि मला तो नेहमी जड जातो. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत तिकडे, घरटी फौजी. पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या पोरांत हाही पळत असतो, सगळ्यांच्या पुढे. सैन्यभरतीच्या वैद्यकीय निकषांत एचआयव्ही असलेला उमेदवार बसत नाही. हे त्याला पंधराव्या-सोळाव्या वर्षीच सांगा, मैदान मारून आल्यावर मेडिकलला कळू देऊ नका. एका मुलाला असंच कळलं आणि तो महिनाभर घराबाहेर पडला नाही.

बाकीची दारं उघडी आहेत. २०१७ च्या कायद्यानुसार नोकरीसाठी एचआयव्हीची तपासणी अट म्हणून घालता येत नाही. शिक्षक, नर्स, बँक, कारखाना, दुकान, शेती, सगळं. महिनाभरानं बाहेर पडलेला तो मुलगा आज शाळेतल्या मुलांना धावण्याचा सराव देतो.

माझं लग्न होईल का? मूल होईल?

होईल, दोन्ही. व्हायरल लोड तपासणीत विषाणू सापडतच नसेल आणि गोळी चालू असेल तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. जगभरच्या अभ्यासांतून हे पक्कं झालं आहे. बाळाचं वर सांगितलंच. निरोध तरीही वापरा, इतर आजार आणि नको असलेली गर्भधारणा यांसाठी.

लग्नाआधी जोडीदाराला सांगायलाच हवं, आणि सांगताना समुपदेशकाला सोबत घ्या. "लग्न झालं की सांगू" म्हणणाऱ्या घरांनी मुलीची आयुष्यं नासवलेली पाहिली आहेत. एचआयव्ही असलेल्यांचे वधू-वर मेळावेही होतात.

आईवडील नाहीत. पैशाची सोय, जमिनीचं काय?

बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. संजय गांधी निराधार योजनेचे १,५०० तहसीलमधून. एसटीच्या सवलतीबद्दल आगारात विचारा. कागद गोळा करायला केंद्रातला समुपदेशक मदत करतो, मागितली पाहिजे.

२०१७ च्या त्याच एचआयव्ही कायद्यातली एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही. एचआयव्हीबाधित कुटुंबाचा कारभार बघणारं बारा ते अठरा वयाचं समजदार भावंड धाकट्यांचा पालक म्हणून शाळा, उपचार, बँक खातं, मालमत्ता यांसाठी सही करू शकतं. आणि अठराखालच्या मुलाला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. चुलत्यानं "तुझं इथं काय?" म्हटलं तर हे कलम छापून हातात ठेवा.

शाळेची तीन दिवसांची सहल आहे, रायगड-प्रतापगड. पाठवू का?

पाठवा. तीन दिवसांच्या तीन आणि वर दोन जादा, अशा पाच गोळ्या कागदात गुंडाळून एका छोट्या डबीत, डबी दप्तराच्या आतल्या कप्प्यात. रोजची वेळ रात्री नऊची असेल तर मोबाइलचा गजर त्याच्या आवडत्या गाण्यावर लावून द्या. कुणी विचारलं तर काय म्हणायचं ते घरी दोनदा म्हणून बघा, "सर्दीची आहे" किंवा नुसतं "माझी आहे". पाण्याची बाटली वेगळी. आणि सहलीचे पैसे भरताना "जपून हं, तुला आहे ते लक्षात ठेव" असं एसटीच्या दारात उभं राहून म्हणू नका. सगळ्यांच्या आया म्हणतात तेच म्हणा. खिडकीतून डोकं बाहेर काढू नकोस.